फेरीवरचं बोलणं आणि रात्री अकरानंतरचं बोलणं

परवा ऑफिसात डबा खाताना एका नव्या मुलीने विचारलं, ताई तुमची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण? मी लगेच म्हणाले, नागपूरची ताई. मग तिने विचारलं भेटता कधी तुम्ही, आणि मी मनात मोजलं तर उत्तर आलं दोनदा. नऊ वर्षांत दोनदा. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना, मग ती मैत्रीण कसली असं काहीतरी, ते डोक्यात घेऊनच मी संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर आले. तिथे मास्तर उभे होते, हातात कापडी पिशवी. मास्तरांना मी तेरा वर्षं आठवड्यातून चार-पाच वेळा भेटते आणि मैत्री हा शब्द आमच्यात कधी आलेला नाही. त्या रात्रीपासून हे लिहायचं होतं, आज जमतंय.

मी गोव्यातल्या मये गावची. नोकरी पणजीत. सकाळी स्कूटरने चोडणच्या धक्क्यापर्यंत यायचं, स्कूटर झाडाखाली लावायची, फेरीने, म्हणजे फेरीबोटीने, मांडवी नदी ओलांडून रायबंदरला उतरायचं आणि तिथून बस. मास्तर चोडणचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर रोज पणजीला सेंट्रल लायब्ररीत जाऊन पेपर वाचायचे हा त्यांचा नेम. ती लायब्ररी १८३२ सालची, हेही मला त्यांनीच सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू ती त्यांच्या घरचीच वास्तू.

फेरीतलं बोलणं म्हणजे काय असतं ते गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. पाच-सात मिनिटांचा प्रवास असतो, चालत येणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे सगळ्या प्रकारची माणसं, कामावर जाणारी, मासळी घेऊन आलेली, हॉस्पिटलात कुणाचा तरी डबा घेऊन चाललेली. आणि बोलणं सुरू कशाने होतं तर नुस्त्याने, म्हणजे मासळीने. नुस्तें कितें हाडलां? आज बांगडा की तारले, काय भाव लावला, आणि पावसाळ्यात बंदी असली की मग नुस्तं नाही म्हणून रडगाणं. कॉलेजात असताना मला ह्या बोलण्याचा कंटाळा यायचा, वाटायचं ही माणसं रोज तेच कसं बोलू शकतात. आता मला वाटतं की नुस्त्याचं बोलणं म्हणजे दार वाजवणं आहे, आत यायचं की नाही ते नंतर ठरतं. मास्तरांशी पहिली दोन वर्षं मी नुस्तं, पाऊस आणि बस चुकली ह्यापलीकडे गेले नव्हते. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ते पाण्याकडे बघत एकदम म्हणाले, आज बायकोला जाऊन दहा वर्षं झाली. बस्स. मी काही बोलले नाही, काय बोलणार, फेरी धक्क्याला लागली, रॅम्प खाली पडल्याचा तो मोठा आवाज झाला आणि आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी परत नुस्त्यावर. पण त्या दिवसानंतर मास्तर माझ्यासाठी नुसते फेरीतले एक गृहस्थ राहिले नाहीत.

आता नागपूरच्या ताईचं.

२०१६ची चवथ. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, लाकडी चौकट असते आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधायची, कांगलां, घागऱ्या, कवंडळं, आंबाडे, सुपारीची शिपटं, तोरिंग, जे जे त्या दिवसांत डोंगरावर मिळतं ते. बाबा स्वतः डोंगरावर जाऊन आणायचे, अगदीच राहिलेलं सामान तेवढं डिचोलीच्या बाजारातून. त्या वर्षी मी माटोळीचे फोटो रानभाज्या आणि झाडांच्या एका मराठी ग्रुपवर टाकले. पंधरा-वीस अंगठे आले, चार नमस्कार आले, आणि एका बाईंचा मेसेज आला की डावीकडून तिसरं फळ आमच्याकडे वेगळ्या नावाने ओळखतात, पण तुमच्याकडे ते बांधताना देठासकट बांधतात की देठ तोडून? मला तो प्रश्न एवढा आवडला! कारण तो कुतूहलाचा प्रश्न होता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी बाबांना विचारून उत्तर दिलं, तिने त्यावर दुसरा प्रश्न केला, आणि ते जे सुरू झालं ते अजून सुरूच आहे.

ताई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, बँकेतून रिटायर झालेली, एकटी राहते. पहिलं वर्ष झाडंच झाडं. मग कधीतरी रात्री अकरा वाजता, सगळं आवरून झाल्यावर, मी तिला लिहिलं की बाबांचा उजवा हात थरथरायला लागलाय आणि डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलाय. हे मी तोपर्यंत कुणालाच बोलले नव्हते. आईला माहीत होतं, भावाला माहीत होतं, डॉक्टरकडे आम्ही सगळे मिळूनच गेलो होतो, पण मला भीती वाटते हे वाक्य मी कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

मी ह्यावर खूप विचार केलाय, असं का झालं असेल. आणि मला जे सापडलं ते आम्हा गोव्यातल्या मराठी माणसांचं खास आहे असं वाटतं. आमच्या घरात बोलतात कोंकणी, आणि लिहितात मराठी. मी मराठी शाळेत शिकले, घरी पेपर मराठी, देवळात कीर्तन मराठी, जत्रेला नाटक मराठी, पत्र लिहायचं तर मराठीत, पण आईशी भांडायचं कोंकणीत. भाषेवरून इथे केवढा वाद झालाय ते सगळ्यांना माहीत आहे, १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली, त्यात मला आत्ता जायचं नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की म्हाका भंय दिसता, म्हणजे मला भीती वाटते, हे वाक्य मी सापाबद्दल म्हणू शकते, काळोखाबद्दल म्हणू शकते, बाबांबद्दल म्हणू शकत नाही. घरातल्या भाषेला घरातले नियम असतात, कोण कुणासमोर रडतं आणि कोण रडत नाही ते त्या भाषेत आधीच ठरलेलं असतं. तेच मराठीत टाइप करताना मला मोकळं वाटलं, कारण ती माझ्या वाचण्या-लिहिण्याची भाषा, तिच्यात मी विचार करते पण भाजी मागत नाही. समोर कुणी बसलेलं नाही, चेहरा सांभाळायचा नाही, वाक्य लिहून परत खोडता येतं. माणूस स्क्रीनवर मोकळा का होतो ह्यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच लिहिलंय, जॉन सुलर म्हणून एक आहेत त्यांचा २००४ सालचा लेख प्रसिद्ध आहे. त्यात दोन्ही बाजू आहेत, त्याच मोकळेपणाने माणसं प्रेमाने मन उघडतात आणि त्याच मोकळेपणाने शिव्याही देतात. शिव्यांवर सगळे बोलतात. मन उघडण्यावर फार कमी लोक बोलतात, म्हणून मी बोलतेय.

ताईने त्या रात्री सल्ला दिला नाही. काळजी करू नकोस असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, बाबा त्या हाताने आधी काय काय करायचे? आणि मी रात्री दीड वाजेपर्यंत लिहीत बसले, माटोळीच्या गाठी, भजनातल्या झांजा, माझी वेणी घालायचे ते, आई बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा.

आता वाटेल की मग झालं, ऑनलाइनच चांगलं. पण २०१८ साली ताई नाहीशी झाली. एक दिवस मेसेज केला, उत्तर नाही. दोन राखाडी टिका, निळ्या होईनात. आठवडा गेला, महिना गेला. फोन लावला तर वाजायचा आणि बंद व्हायचा. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी विचारायचं कुणाला? मला ताईची आई गेली त्या रात्री ताई कुठल्या खुर्चीत बसली होती ते माहीत होतं, पण तिच्या बिल्डिंगचं नाव माहीत नव्हतं. तिच्या भावाशी तिचं काय बिनसलं ते माहीत होतं, भावाचं आडनाव माहीत नव्हतं. दोन वर्षं आम्ही रोज बोलत होतो आणि नागपूरमधल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हते जो जाऊन तिची बेल वाजवेल. तो काळ फार वाईट गेला. रोज रात्री अकराला हात फोनकडे जायचा.

पाच महिन्यांनी मेसेज आला. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, नंतर त्रास वाढला, फोन हातात घ्यायची इच्छाच होत नव्हती. मी चिडले. मग चिडल्याचं वाईट वाटलं, मग तिला सगळं लिहिलं, चिडलेलं आणि वाईट वाटलेलं दोन्ही. ती म्हणाली, काऊन गं, तुला एवढं वाटलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, मला वाटलं इतक्या लांबून कुणाला काय फरक पडतो. हे वाक्य मी विसरू शकत नाही. जी बाई मला सगळ्यात जवळची होती तिला वाटत होतं की ती नसल्याने मला फरक पडणार नाही. कारण फरक पडतोय हे तिला दिसायला जागाच नव्हती.

आणि पुढच्याच वर्षी उलट बाजू बघितली. २०१९चा ऑगस्ट, पाऊस असा की रस्ता दिसत नव्हता, बाबा पडले आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. मी ऑफिसला रजा टाकली. चौथ्या दिवशी संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले तर पुढच्या सोप्यावर मास्तर बसलेले. छत्री बाजूला टेकवलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, पिशवीत वेलची केळी. मास्तरांना मी घर कधी दाखवलं नव्हतं. चोडणहून बसने मयेला आले आणि विचारत विचारत घर काढलं. मला म्हणाले, तीन दीस दिसूंक ना, म्हूण आयलों.

एवढंच. आत येऊन चहासुद्धा घेतला नाही, मला घाई आहे हे त्यांना कळलं. बाबांचं ऐकून घेतलं, केळी दिली आणि शेवटची बस चुकेल म्हणून निघाले.

मी तेव्हापासून असं धरून चाललेय की दोन माणसांत खरं बोलणं होतं की नाही ते त्यांच्या बोलण्यावरून कळत नाही, एकजण दिसेनासा झाला की कळतं. दुसरा शोधायला निघतो का? निघाला तर त्याला वाट आहे का? ताईच्या बाबतीत मी निघायला तयार होते आणि वाट नव्हती. मास्तरांना वाट होती, कारण फेरीवर माझी एक जागा होती, उजव्या कठड्याला, आणि ती जागा तीन दिवस रिकामी दिसली. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाची जागा रिकामी दिसत नाही, फक्त नाव खाली खाली सरकत जातं.

म्हणून २०१९च्या डिसेंबरमध्ये ताई गोव्याला आली तेव्हा मी एक काम ठरवूनच ठेवलं होतं, ते पुढे सांगते. आधी भेटीचं सांगते, कारण ती भेट पहिले दोन तास फार अवघड गेली. मडगावला स्टेशनवर घ्यायला गेले, मिठी मारली, आणि गाडीत बसल्यावर आम्हाला बोलता येईना. तीन वर्षांत एकमेकींना जे लिहिलं होतं ते सगळं गाडीत आमच्या मध्ये बसलं होतं आणि आम्ही प्रवास कसा झाला आणि इथे ऊन किती आहे ह्यावर बोलत होतो. तिचा आवाज माझ्या मनातल्या आवाजापेक्षा जाड होता. तिला मी उंच वाटले. दोघी एकदम बोलायला लागायचो आणि दोघी एकदम थांबायचो. मला वाटलं चूक झाली, भेटायला नको होतं.

मग दुसऱ्या दिवशी तिला फेरीत नेलं. कठड्याला टेकून दोघी पाण्याकडे बघत उभ्या राहिलो, चोडणच्या बाजूचं खारफुटीचं रान, पक्षी अभयारण्य ते सगळं तिला दाखवत होते आणि दाखवता दाखवता ती ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं सांगायला लागली, जे तिने लिहिलं नव्हतं. तिचं बोलणं संपेना म्हणून आम्ही उतरलोच नाही, त्याच फेरीने परत गेलो, परत आलो, चार खेपा केल्या, फेरीबोटीवरचा माणूस बघायला लागला. समोरासमोर बसून जे जमलं नाही ते शेजारी उभं राहून जमलं. मास्तरही माझ्याशी नेहमी असेच बोलतात, पाण्याकडे बघत. माझ्या आईच्या आणि मावश्यांच्या गप्पासुद्धा मला आठवतात त्या भाजी निवडतानाच्या, नारळ खवतानाच्या, डोळे हातातल्या कामावर. एकमेकींकडे टक लावून कुणी बसत नव्हतं. मला वाटतं लिहून बोलण्यात पण तेच सुख आहे, नजर वाचते.

त्याच मुक्कामात झालेली दुसरी गोष्ट मात्र ह्या सगळ्यापेक्षा मोठी आहे. खरं तर ती झाली ताई परत गेल्यावर, महिनाभराने. बाबांचा आवाज तोपर्यंत खूप बारीक झाला होता. पार्किन्सन्समध्ये तसं होतं, आणि त्यातली अडचण अशी की माणसाला स्वतःला वाटतं मी नेहमीच्याच आवाजात बोलतोय, त्यामुळे आम्ही काय? काय? केलं की ते चिडायचे आणि मग गप्प बसायचे. थेरपी देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की मुद्दाम मोठ्याने बोला, लांबच्या माणसाला हाक मारताय असं समजून बोला. घरात ते कोण करतं. पण ताई इथून गेल्यावर तिने बाबांसाठी एक व्हॉइस मेसेज पाठवला, काका, तुम्ही एवढी वर्षं माटोळीसाठी डोंगरावर गेलात, कधी भीती वाटली का?

मी बाबांच्या तोंडासमोर फोन धरला. ताईला कोंकणी येत नाही म्हणून ते मराठीत बोलले, शाळेत धडा वाचावा तसं एकेक शब्द सुटा करून, आणि नागपूर लांब आहे म्हणून मोठ्याने. म्हणाले, अकरा वर्षांचा असताना आजोबांबरोबर रानात गेलो होतो, कांगलां काढता काढता मागे राहिलो आणि वाट चुकलो. रात्र झाली. एका धनगराच्या झोपडीत दिवा दिसला. तिथल्या म्हातारीने दूध दिलं, नाचणीची भाकरी दिली आणि रात्रभर माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली, कारण मी झोपेत ओरडत होतो. सकाळी आजोबा शोधत आले. त्यांनी मला शपथ घातली की घरी सांगायचं नाही, आपण सांखळीला पाहुण्यांकडे राहिलो असं म्हणायचं. आजपर्यंत मी सांगितलं नाही.

साठ वर्षं! मी त्यांची मुलगी, रोज त्यांच्या ताटाशेजारी जेवणारी, आणि मी हे पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते मला सांगतही नव्हते, नागपूरला सांगत होते, मी फक्त फोन धरून उभी होते. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिलाही माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं बाबांचं सगळं आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्ही विचारणंच बंद केलं होतं, औषध घेतलं का, जेवण जालें, एवढंच उरलं होतं. लांबच्या माणसाने विचारलं कारण तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी ते झालं. ताईचा एक प्रश्न, बाबांचं चार-पाच मिनिटांचं उत्तर. ताई म्हणायची इयरफोन लावून तीन-तीनदा ऐकते तेव्हा सगळे शब्द सापडतात. २०२१ मध्ये व्हॉइस मेसेज दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली, माझ्या भाच्याने लगेच दाखवली, वेळ वाचतो म्हणून. असेल वाचत. बाबांचे मेसेज आम्ही कधी पळवले नाहीत, त्यात बाबा मध्येच थांबतात, शब्द शोधतात, बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, आई भांडं ठेवते, ते सगळं मला हवंय.

लॉकडाउनमध्ये आम्ही व्हिडिओ कॉल करून बघितले आणि सोडून दिले. कारण मला नंतर वाचनात सापडलं. २००९ साली दहा भाषांवर एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला माणसं सरासरी साधारण २०० मिलिसेकंद घेतात, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत, भाषा कुठलीही असो. आता आमच्या मयेच्या रेंजवर आवाज पोचायलाच त्याहून जास्त वेळ, मग प्रत्येक वाक्यामागे एक खोटी शांतता तयार होते आणि वाटतं समोरच्याला आवडलं नाही. बाबांना तर आधीच वेळ लागायचा. लिहिण्यात किंवा व्हॉइस मेसेजमध्ये तो घोळ नाही, तिथे वाट बघायची हे दोघांनाही मान्य असतं.

मास्तरांचं ह्याच्या अगदी उलट. मास्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ, गेली कित्येक वर्षं, त्याखाली एक शब्द स्वतःचा नाही. मी एकदा त्यांना मोठा मेसेज लिहिला, बाबांच्या तब्येतीबद्दल, तर उत्तर आलं दोन जोडलेले हात. सुरुवातीला मला लागलं ते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये बाबा गेले तेव्हा मास्तर तेराही दिवस आले. रोज. सोप्यावर बसायचे, कधी अर्धा तास कधी तास, भावाला एकदा म्हणाले काल भरती मोठी होती, धक्क्यावर पाणी आलं, आणि परत गप्प. त्या तेरा दिवसांत माझ्याशी त्यांचं बोलणं सगळं मिळून एक पान भरणार नाही, आणि तरी ते रोज साडेचारला येतील ह्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होते. त्याच दिवसांत रात्री ताईला पानंच्या पानं लिहीत होते. मला कुणी विचारलं ह्यातलं एक काढून घेतो, कुठलं काढू, तर मला सांगता येणार नाही. मास्तरांचं खरं बोलणं मोबाईलवर येत नाही आणि ताईचं खरं बोलणं समोर बसून येत नाही, मग मी का हट्ट धरू.

जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडणला रो-रो आली. मोठी बोट, एका खेपेत कितीतरी गाड्या, आणि रांगेत तासन्‌तास उभं राहायचा त्रास बराच कमी झाला. आजारी माणसाला घेऊन रांगेत अडकलेली मी आहे, त्यामुळे मला ती हवीच होती आणि आल्यावर बरं वाटलं. पण माणसं आता गाडीतून उतरत नाहीत. काचा वर, एसी चालू, प्रत्येकजण फोनमध्ये. पहिल्या आठवड्यात मास्तर एकटेच कठड्याला उभे दिसले मला. आता आम्ही काय करतो, तर संध्याकाळी एक बोट सोडतो. धक्क्यावर बसतो, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, बोट जाते, पुढची येते. कुणी ठरवलं नाही, एक दिवस मास्तर उठले नाहीत म्हणून मी पण उठले नाही.

आणि ते ठरवून ठेवलेलं काम. ताई २०१९ला परत निघाली त्या सकाळी मी तिला एक कागद दिला, त्यावर माझ्या भावाचा नंबर, शेजारच्या वयनीचा नंबर आणि मास्तरांचा नंबर, आणि म्हटलं मला तुझ्या बाजूचे दोन दे. तिने एक दिला, खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा. स्टेशनवर बसून मी तो सेव्ह केला. २०२३ला नागपूरला गेले तेव्हा त्या वहिनींच्या हातचं वडा-भात खाऊन आले.

ह्या दिवाळीनंतर ताईचा चार दिवस मेसेज नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी फेरीतूनच वहिनींना विचारलं. वीस मिनिटांत फोटो आला, ताई खालच्या घरी खुर्चीत, मांडीवर चिवड्याची वाटी. मोबाईल दुरुस्तीला दिलाय म्हणे. आणि मग वहिनींचा एक लांबलचक मेसेज, ताई सांगतेय आणि त्या टाइप करताहेत, मध्ये मध्ये ताई म्हणतात, ताई म्हणतात असं लिहिलेलं, एका ठिकाणी ताई हसताहेत असंही लिहिलं होतं. सगळ्यात खाली त्यांनी आपलं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं, तुमच्या बाबांची ती धनगराच्या झोपडीची गोष्ट ताईंनी मला ऐकवली, आवाज बारीक आहे म्हणून दोनदा ऐकली, ती म्हातारी कोण होती ते पुढे कधी कळलं का हो?